आमच्या नावाचं सोल्डरिंग आयर्न

नमस्कार. मागे उभे आहात त्यांनी पुढे या, जागा आहे. मला एक वस्तू दाखवायची आहे आणि ती लांबून नीट दिसणार नाही.

हे सोल्डरिंग स्टेशन, म्हणजे कथील वितळवून सुटे भाग जोडायचं, आपल्या भाषेत डाग द्यायचं, यंत्र. साठ वॅटचं. पुढे तापमानाचे आकडे, खाली फिरवायचा नॉब. आणि वर ही चार बोटं रुंद मोकळी पट्टी दिसते ना? ती आमच्या नावासाठी सोडलेली आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे, मी सोळा वर्षं आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा ट्रेड शिकवला आणि गेली सात वर्षं आम्ही तिघं मिळून मराठीत दुरुस्तीचे व्हिडिओ आणि पुस्तिका करतो. मागच्या दिवाळीनंतर एक व्यापारी भेटायला आले. म्हणाले, "मॅडम, तुम्ही एवढ्या पोरांना डाग द्यायला शिकवता, मग आयर्न दुसऱ्याचं का? तुमचं नाव छापून देतो. दोनशे नग घ्या. अकराशे पन्नासला पडेल, एकोणीसशेला विका." हिशोब सोपा होता. दोनशे नगांवर दीड लाख सुटतात. आमचा तीन महिन्यांचा खर्च त्यात निघतो.

ते गेल्यावर मी डबा उघडला. प्लगला तिसरी पिन होती, वायरीत अर्थची, म्हणजे अर्थिंगची, हिरवी तार होती, पण आत ती तार कशालाच जोडलेली नव्हती. कापून टेप लावून ठेवली होती. मल्टीमीटरची एक टोकणी बिटला, म्हणजे आयर्नच्या गरम होणाऱ्या टोकाला, दुसरी अर्थच्या पिनला लावली, तर मीटर काहीच दाखवेना. तिथे एक-दोन ओहम दिसायला हवेत. तसे दिसत नसतील तर बिटवर कुठून ना कुठून गळतीचा व्होल्टेज चढतो. तुम्ही मॉसफेटला, म्हणजे एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरला, डाग देता तेव्हा तो व्होल्टेज त्याच्या गेट नावाच्या नाजूक पायावर जातो आणि नवा मॉसफेट बोर्डावर बसायच्या आधीच मरू शकतो. पोरगं म्हणतं, माझा हात वाईट आहे. हात चांगला असतो, अर्थ तुटलेली असते.

मी फोन केला. त्यांनी वाद घातला नाही, पंधरा दिवसांत दुसरा नमुना पाठवला. तो हा. हा चांगला आहे. अर्थ जोडलेली आहे, बिट लोखंडाच्या मुलाम्याचं आहे, साडेतीनशे डिग्रीला ठेवलं तर साडेतीनशेच्या आसपास राहतं. खरा प्रश्न या दुसऱ्या नमुन्यापासून सुरू झाला. वाईट वस्तूला नाही म्हणायला विचार लागत नाही. चांगल्या वस्तूवर आपलं नाव घालावं का, याचा विचार मी गेले काही महिने करते आहे आणि तोच आज तुमच्यापुढे मांडायचा आहे.

छापणारा-बोलणारा माणूस आणि विकणारा माणूस एकच असणं यात नवीन काही नाही. ह्यूगो गर्न्सबॅक १९०४ मध्ये लक्झेंबर्गहून न्यूयॉर्कला आला. विज्ञानकथेचे ह्यूगो पुरस्कार ज्याच्या नावाने देतात तोच हा माणूस. त्याने इलेक्ट्रो इम्पोर्टिंग कंपनी काढली, बिनतारी संदेशाचे सुटे भाग टपालाने विकायला लागला. त्या भागांचं करायचं काय हे गिऱ्हाइकाला समजावं म्हणून कॅटलॉगमध्ये माहिती येऊ लागली आणि १९०८ मध्ये त्यातून 'मॉडर्न इलेक्ट्रिक्स' हे मासिक निघालं. दुकान आधी, मासिक नंतर.

आणि आपल्याकडे? किर्लोस्करवाडीला १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाली, ती कारखान्याचं पत्रक म्हणून. नांगर करणाऱ्या कारखान्याचं. शंकरराव किर्लोस्करांनी त्या पत्रकाचं जे केलं ते मराठी वाचकाला सांगायला नको. पुढे 'स्त्री', 'मनोहर' आली आणि महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्या त्यावर वाढल्या. माझ्या आजीच्या ट्रंकेत 'स्त्री'चे अंक होते. पण वाचणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की हे किर्लोस्करांचं आहे. नावातच होतं. किर्लोस्करांचा नांगर घ्यावा की दुसऱ्याचा, याचा निवाडा मागायला कुणी त्या मासिकाकडे गेलं नसतं.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. दुकानाने मासिक काढलं तर वाचक दुकानात आलेला असतो आणि त्याला ते ठाऊक असतं. मासिकाने दुकान काढलं तर वाचक आधी वेगळ्याच शब्दावर विश्वासून आलेला असतो. "आम्ही वापरून बघतो आणि खरं सांगतो" हा तो शब्द.

आता आपल्या विषयाला सगळ्यात जवळचं उदाहरण घेऊ. आयफिक्सिट, दुरुस्ती कशी करायची ते दाखवणारी वेबसाइट. इथल्या अर्ध्या लोकांनी मोबाइल उघडायच्या आधी त्यांची चित्रं बघितली असतील. काइल विन्स आणि ल्यूक सोल्स या दोन विद्यार्थ्यांनी कॅलिफोर्नियात, कॅल पॉली कॉलेजात असताना २००३ मध्ये हे सुरू केलं. अॅपलचा लॅपटॉप दुरुस्त करायला माहितीपुस्तिका मिळेना, म्हणून. ते सुटे भाग विकू लागले आणि भाग बसवायचा कसा हे फुकट लिहू लागले. म्हणजे तेही दुकानातूनच आलेले. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी स्वतःचं सोल्डरिंग आयर्न आणलं, फिक्सहब नावाच्या मालिकेत. यूएसबी-सीवर चालणारं, शंभर वॅटचं, पाच सेकंदांच्या आत तापणारं. नुसतं आयर्न अमेरिकेत ८० डॉलरना आणि बॅटरीच्या स्टेशनसकट २५० डॉलरना. हातातून खाली ठेवलं की आपोआप थंड होतं, टोपण गरम बिटवरच घालता येतं. नुसतं आयर्न घेतलं तर त्यावर तापमानाचे आकडे नाहीत; बदलायचं असेल तर कॉम्प्युटरच्या ब्राउझरला जोडावं लागतं. हे मला पटलेलं नाही. कार्यशाळेत जाड तांब्याच्या पट्टीवरून बारीक आयसीवर येताना पोरांनी लॅपटॉप शोधायचा का? पण वस्तू विचार करून केलेली आहे यात शंका नाही. वीस वर्षं लोकांचे हात कुठे अडतात हे पाहिलेल्या माणसांनी केलेली आहे.

मग आयफिक्सिटने केलं ते बरोबर का? माझ्या मते बरोबर, आणि त्याचं कारण आयर्न चांगलं आहे हे नाही. आयफिक्सिट न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतं ते फोन आणि लॅपटॉपच्या बाबतीत. दहापैकी गुण देतं ते दुरुस्तीला सोपं किती याचे. सोल्डरिंग आयर्नांची तुलना करून "हे घ्या, ते घेऊ नका" सांगणं हा त्यांचा धंदा कधीच नव्हता. जिथे ते निवाडा करत नव्हते तिथे त्यांनी वस्तू आणली.

त्यांची खरी परीक्षा दुसरीकडे आहे आणि तिच्याकडे मी जास्त बारकाईने बघते. ज्या कंपन्यांच्या फोनला ते गुण देतात, त्यांतल्या काहींचे अस्सल सुटे भागही तेच विकतात. इथे हात खरोखर दगडाखाली येतो. तरी सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी आयफोन १४ला आधी दिलेले ७ गुण काढून ४ केले. सुटा भाग बदलला की कंपनीच्या मान्यतेशिवाय तो नीट चालत नाही, हे कारण. स्वतःचा निकाल जाहीरपणे फिरवला. मे २०२४ मध्ये सॅमसंगबरोबरचा भागविक्रीचा करार संपवत असल्याचं सांगितलं. भाग महाग आणि एकात एक चिकटवलेले, दुरुस्ती परवडणार कशी, असं त्यांचं म्हणणं. विकणाऱ्याला हे बोलायला पैसे मोजावे लागतात. ते त्यांनी मोजले, म्हणून त्यांच्या गुणांवर मी अजून विश्वास ठेवते.

इथे समोरून कुणीतरी म्हणेल, आणि मला घरीही म्हणाले, की जाहिराती तरी कुठे शुद्ध आहेत? ज्या चॅनेलला मल्टीमीटरवाल्याची जाहिरात मिळते ते मल्टीमीटरबद्दल खरं बोलेल कशावरून? मुद्दा खरा आहे. अमेरिकेत कन्झ्यूमर रिपोर्ट्सवाले १९३६ पासून जाहिरात घेत नाहीत आणि तपासायची वस्तू दुकानातून पैसे देऊन आणतात. त्यांना ते जमतं कारण त्यांचे सभासद लाखोंनी आहेत. मराठीत डाग द्यायला शिकवणाऱ्याला ते परवडत नाही. आम्ही जाहिराती घेतो.

पण दोन्हींत एक फरक आहे आणि तो मला त्या दोनशे नगांमुळे कळला. जाहिरातदार वाईट निघाला तर पुढच्या महिन्यात त्याला नको म्हणता येतं. दोनशे डबे माझ्या घराच्या मागच्या खोलीत छताला लागलेले असतील, तर त्यांना नको कसं म्हणू? दोन लाख तीस हजार रुपये त्यात अडकलेले. आणि अशा वेळी बार्शीहून एखादा मुलगा विचारतो, "मॅडम, माझ्याकडे तीनशे रुपये आहेत, कोणतं घेऊ?" आज मी त्याला बेधडक सांगते: साधं पंचवीस वॅटचं आयर्न घे, चांगल्या मेकचं, बिट ओल्या स्पंजवर पुसत जा, उरलेल्या पैशात चांगलं कथील घे. कारण त्रेसष्ट-सदतीसचं, म्हणजे तेवढे टक्के कथील आणि शिसं असलेलं, चांगलं कथील १८३ डिग्रीला एकदम वितळतं, लगेच थिजतं, आणि नवख्या हाताला त्याच्याइतकी मदत कुठलंच स्टेशन करत नाही. खोलीत डबे असते तर मी खोटं बोलले नसते. पण "थोडे पैसे साठवून स्टेशनच घे रे" हे वाक्य माझ्या तोंडी आपोआप आलं असतं. मला त्याची भीती वाटते. खोटेपणापेक्षा ही अशी हळूच कललेली सल्ल्याची जीभ जास्त नुकसान करते, कारण ती बोलणाऱ्यालाही जाणवत नाही.

आता आयर्न या वस्तूच्या स्वभावाकडे येते. माध्यमवाल्याने विकायच्या वस्तूंत ही सर्वांत अवघड आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. कॅनडाच्या लिनस टेक टिप्स या यूट्यूब चॅनेलने २०२२ मध्ये रॅचेटचा स्क्रूड्रायव्हर आणला, ७० डॉलरला. मेगाप्रो या जुन्या स्क्रूड्रायव्हर करणाऱ्या कंपनीबरोबर, वेळ घेऊन केलेला. स्क्रूड्रायव्हर एकदा विकला की बहुतेक संपलं. त्याच वर्षी त्यांच्या पाठीवरच्या बॅगेला लेखी वॉरंटी नाही यावर मोठी बोंब झाली आणि नंतर त्यांनी ती लिहून दिली. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वस्तूंच्या वॉरंट्या तपासणाऱ्यांकडून प्रेक्षकांनी तीच अपेक्षा केली, आणि ती रास्त होती.

आयर्नचं तसं नाही. आयर्न विकलं की नातं सुरू होतं. बिट झिजतं. आत तांबं असतं, त्यावर लोखंडाचा पातळ थर. तो थर फाटला की कथील तांब्याला खातं आणि बिटला खड्डा पडतो. रोज आठ तास काम करणाऱ्याला वर्षात कितीतरी बिटं लागतात. मग हीटर जातो. मग हँडलजवळची वायर मोडते, नेहमी हँडलजवळच. वेलर कंपनीच्या जुन्या मॅग्नास्टॅट आयर्नमध्ये तर तापमानच बिटात असायचं. बिटच्या मागे एक खास धातूचा तुकडा. ठरलेल्या तापमानाला त्याचं चुंबकत्व जातं आणि स्विच सुटतो. बिटच्या पाठीवर ६, ७ किंवा ८ छापलेलं, म्हणजे ६००, ७०० किंवा ८०० फॅरनहाइट. ज्या कार्यशाळेत ते आयर्न आहे तिला अजूनही तीच बिटं लागतात, आणि ती विकणारा कुणीतरी राहिला म्हणून ते आयर्न जिवंत आहे. आमच्या आयटीआयमध्ये एकदा आठ स्टेशनं आली होती, कुठल्याशा कंपनीची. दोन वर्षांत तिची बिटं बाजारातून गायब झाली आणि आठही स्टेशनं कपाटावर गेली. डबे नवेकोरे, चालू होणारे, पण टोक नाही. निब नसलेल्या पेनांसारखे. मुलं परत पंचवीस वॅटवर.

म्हणून ज्याला आयर्न विकायचं आहे त्याने आधी पुढच्या दहा वर्षांच्या बिटांचा विचार करावा. यातला सगळ्यात शहाणा रस्ता मला पाइन६४ या कंपनीने घेतलेला दिसतो. २०२० मध्ये त्यांनी पाइनसिल नावाचं आयर्न आणलं तेव्हा नवं बिट काढलं नाही. बाजारात आधीच रुळलेल्या टीएस१०० आयर्नची बिटं त्याला बसतात. आतला प्रोग्रॅमही सगळ्यांना खुला. उद्या पाइन६४ने हात वर केले तरी घेणारा अडकत नाही. जपानच्या हाक्कोचं टी१२ बिट असंच रुळलेलं. हीटर आणि तापमान मोजणारा जोड त्यातच असतो आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत ते सहज मिळतं. अर्थात नकलाच जास्त, पण मिळतं.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण अनेकांना वाटतं की आपण फक्त नाव छापतो, बनवतो तो दुसराच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यात उत्पादकाच्या व्याख्येत, दुसऱ्याने केलेल्या वस्तूवर आपलं चिन्ह लावणारासुद्धा येतो. त्या पहिल्या नमुन्यातल्या कापलेल्या हिरव्या तारेमुळे कुणाला शॉक बसला असता, तर जबाबदार मी. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांतही स्वतःच्या ब्रँडखाली विकणारा हा उत्पादक मानला जातो. मला हे योग्यच वाटतं. नाव मोठं करून छापायचं आणि दोष आला की कारखान्याकडे बोट दाखवायचं, हे चालू नये.

मग माध्यमाने काहीच विकू नये का? तसं मी म्हणत नाही. नेदरलँड्सचं एलेक्टर मासिक कित्येक वर्षं आपल्या लेखांतल्या प्रकल्पांचे पीसीबी, म्हणजे तयार सर्किट-बोर्ड, विकत आलं. दिल्लीचं 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' १९६९ पासूनचं, त्यांचा किट्स अँड स्पेअर्स विभाग प्रकल्पांची किटं देत आला. मी विद्यार्थी असताना मासिकातलं सर्किट करायचं म्हणजे ट्रेसिंग पेपरवरून तांब्याच्या पत्र्यावर ऑइल पेंटने रेषा काढायच्या आणि फेरिक क्लोराइडमध्ये बुडवायचं. नखं आठवडाभर पिवळी. तेव्हा तयार बोर्ड टपालाने मिळाला असता तर मी पाया पडले असते. हा बोर्ड म्हणजे लेखाचाच पुढचा भाग. तो दुसऱ्या कुणाकडे मिळत नाही, त्याची तुलना कुणाशी नाही, आणि तो विकल्याने मला कुठल्याही वस्तूबद्दल गप्प बसावं लागत नाही.

यातून पोट भरेलच असं नाही. अमेरिकेत मेक मासिकाने २००५ पासून हाताने वस्तू करायची एवढी मोठी लाट आणली, मेकर फेअर भरवल्या, मेकर शेड नावाने किटं विकली, सोल्डरिंग शिकायचा छोटा बिल्लासुद्धा होता त्यात. तरी जून २०१९ मध्ये त्या कंपनीने काम थांबवलं, २२ जणांची नोकरी गेली. संस्थापक डेल डोहर्टी यांनी ते पुन्हा लहान प्रमाणावर उभं केलं. ती बातमी वाचून मला फार वाईट वाटलं होतं. त्यामुळे "तत्त्व पाळा, पैसा आपोआप येईल" असं मी तुम्हाला सांगणार नाही. दीड लाख रुपये मी सोडले आहेत आणि ते आम्हाला लागत होते.

हो, सोडले. जानेवारीत मी व्यापाऱ्यांना कळवलं की आयर्न घेत नाही. त्यांना वाईट वाटलं. दुसरा नमुना त्यांनी मनापासून सुधारून पाठवला होता. हे स्टेशन मी त्यांच्याकडून पैसे देऊन विकत घेतलं आणि आता पुढच्या महिन्यात बाकीच्या पाच स्टेशनांबरोबर तपासणार आहे. आमच्या नावाने आम्ही सरावाचा बोर्ड काढतो आहोत: एका बाजूला जाड भोकं, दुसऱ्या बाजूला बारीक होत जाणारे पॅड, शेवटची रांग अशी की आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही घाम यावा. किंमत ठरायची आहे. बोर्डाचा नकाशा फुकट ठेवणार, ज्याला स्वतः करून घ्यायचा त्याने घ्यावा.

(प्रश्न: आणि समजा बाजारात खरंच चांगलं आयर्न मिळेनासं झालं तर?)

छान विचारलंत. तर मी करीन. गरज असेल आणि कुणीच करत नसेल तर न्यायाधीशाच्या खुर्चीला चिकटून बसण्यात काय अर्थ आहे? पण त्या दिवशी पहिला व्हिडिओ हा असेल की यापुढे आयर्नांची तुलना आमच्याकडे बघू नका, अमुक-अमुक लोकांकडे बघा. जुने तुलनेचे व्हिडिओ काढणार नाही, त्यांवर तारीख आणि ही सूचना टाकीन. बिट रुळलेलंच वापरीन. आत काय आहे त्याचं सर्किट छापीन, हीटर आणि वायर सुटे विकीन. आणि एका वेळी वीसच नग, म्हणजे खोली भरायला नको.

(प्रश्न: ताई, तुम्ही स्वतः कोणतं वापरता?)

घरी टी१२ बिटाचं स्टेशन, सहा वर्षांपूर्वी तपकीर गल्लीतून पैसे देऊन घेतलेलं. त्यातला पॉवर सप्लाय मी बदलला आहे. आणि बाहेर जाताना पर्समध्ये पाइनसिल.

मागच्या टेबलावर मल्टीमीटर ठेवला आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी आपापली आयर्नं आणली आहेत, मी निरोपात सांगितलं होतं. प्लग बोर्डात घालू नका. बिट गार असतानाच एक टोकणी बिटला, एक अर्थच्या मोठ्या पिनला. दोन ओहमच्या आत आलं तर डबीतून हिरवा ठिपका घेऊन हँडलला चिकटवा. जास्त आलं, किंवा दोनच पिनांचं आयर्न असेल, तर माझ्याकडे आणा, आपण बघू काय करता येतं ते. घाई नाही, हॉल आपल्याकडे आठपर्यंत आहे.